भाऊजींची शनिवारची जागा

“वहिनी, शनिवारी माझी जागा रिकामी ठेवू नका.”

हे भाऊजींचं शेवटचं धड वाक्य. त्यानंतरही ते बोलले, पण ते तापातलं बोलणं होतं. त्यात चष्म्याच्या काचा होत्या, कॉर्नर किक होती, मध्येच कुणाला तरी “अरे, बाहेरून, बाहेरून” म्हणून ओरडणं होतं. हे वाक्य मात्र स्वच्छ होतं. उशीला टेकून बसले होते, माझ्या हातातला पाण्याचा पेला त्यांनी घेतला, दोन घोट प्यायले आणि माझ्याकडे नीट बघून ते म्हणाले.

आणि दिवस होता शनिवार.

शनिवारी मी बोलत नाही. संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत मौन असतं माझं. बाकीचे नेम रोजचे आणि लहान आहेत: पहाटे देवापुढे दिवा, पोथीचं एक पान, खिडकीत पाखरांना मूठभर दाणे. शनिवारचं मौन तेवढं मोठं. ते का धरलं, ते माझं आणि देवाचं आहे. घरात कुणी कधी खोदून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर मी मान हलवली. हो म्हणून. भाऊजींना तेवढं पुरलं, त्यांनी डोळे मिटले. मनात म्हटलं, दिवा लागला की विचारू, कुठली जागा, काय जागा. दिवा लागला तेव्हा ताप चढला होता. आठवडा पुरता उलटला नाही तोच ते गेले.

मान हलवणं म्हणजे माझ्या लेखी वचनच. तोंडाने दिलेल्या शब्दातून माणूस वाट काढू शकतो: ‘असं म्हणालो होतो खरं, पण तसं नव्हतं म्हणायचं.’ मानेला दोनच शब्द येतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहिले. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत. नखांच्या कडांना सदा पांढरी पूड. बोलायला असे की, आमच्या यांच्या भाषेत सांगायचं तर, चावी न देता चालणारं घड्याळ. हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे यांचे सगळे दाखले तिथलेच.

पण भाऊजींची खरी ओळख म्हणजे त्यांची शाळा. हायस्कूलच्या फुटबॉल टीमचे ते गोलकीपर होते आणि शाळा सोडून उभा जन्म झाला तरी शाळेने काही त्यांना सोडलं नव्हतं. लग्नाकार्यात नवा माणूस भेटला की लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात; भाऊजी विचारणार, “कुठल्या शाळेचे?” प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांच्या काचा दर सुट्टीत घरी आणून साफ करून देत. गोलपोस्टला रंग स्वतः लावत, आणि अंगावरच्या शर्टालाही. हेही त्याच शाळेत शिकले. शाळेची इमारत कुठल्या रंगाची, हे यांना आजही सांगता येणार नाही.

दर शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावर मॅच असे आणि दर शनिवारी दुपारी भाऊजी पिशवी आणि छत्री घेऊन निघत. सकाळी मात्र ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसत. एरवी आठवडाभर माझी थट्टा करणारा माणूस. “वहिनी, तुमचं देव ऐकतो, जरा आमच्या फॉरवर्डचंही नाव टाका त्याच्या कानावर.” शनिवारी तोच माणूस कप हातात धरून गप्प बसे. मी माझी भाजी चिरत असे, ते चष्मा पुसत. मला वाटे, बिचारे माझ्या नेमापायी अवघडतात. कप विसळून पालथा घालून ठेवत आणि जात.

मी मैदानावर एकदाही गेले नव्हते. शनिवार, आणि त्यात तिथला आरडाओरडा. त्यामुळे जागा म्हणजे कुठली जागा, याचा मला पत्ताच नव्हता.

भाऊजी जाऊन महिना झाल्यावर एके संध्याकाळी इंजिन आले. इंजिन म्हणजे भाऊजींच्या टीममधले एक. पळताना धापा टाकत म्हणून हे नाव पडलं. आता कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान आहे आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. जिना चढून आले की अजूनही नाव सार्थ करतात.

“वहिनी,” दारातूनच म्हणाले, “मैदानावर त्याच्या आठवणीचा बाक ठरला! चांगला शिसवी. पाठीवर पितळी पाटी, त्याच्यावर नाव, आणि खाली ‘फाटक’. येत्या शनिवारी पाहुणी टीम येतेय, मॅचच्या आधी फीत कापायची. तुम्ही पहिल्यांदा बसायचं बाकावर, आणि दोन शब्द बोलायचे.”

“दोन शब्द?” हे डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले. “शनिवारी? हिच्याकडून अर्धा मिळाला तरी मला कळव. मी केव्हाचा रांगेत आहे.”

“अरे हो,” इंजिन कपाळाला हात लावून म्हणाले. “विसरलोच. मग तू बोल.”

“मी? मला काय येतं?”

“भाऊ तुझा ना?”

“म्हणून तर. त्यानं मला कधी मध्ये बोलू दिलंय?”

मी पाणी आणून ठेवलं आणि विचारलं, “त्यांना फाटक का म्हणत?”

“तुम्हाला माहीत नाही?” इंजिन खूश झाले. “आमची पहिली मॅच, पुलापलीकडच्या शाळेच्या मैदानावर. फाटक गोलमध्ये उभा. गोलावर गोल, गोलावर गोल! उघडं फाटक, कुणीही या! आणि हा बॉलकडे बघेल तर शपथ. सारखा मागे वळून बघत होता. आम्ही ओरडतोय, अरे मागे काय आहे? मागे भिंत आहे! पण नाही. पुढे मात्र सुधारला हं. पुढे फाटक असं बंद झालं की मुंगी आत जाईना. नाव तेच राहिलं.”

“बाक ठेवणार कुठे?”

“मधोमध. पायऱ्यांसमोर. आम्ही बसतो तिथे.”

“म्हणजे भाऊजी तिथेच बसायचे?”

मला वाटलं होतं, एका प्रश्नात काम होईल. पण इंजिन जरा घुटमळले. पेल्यातलं पाणी संपवलं.

“बसायचा,” म्हणाले. “म्हणजे पूर्वी बसायचा. मग एका वर्षी उठला, तो बसलाच नाही. पिशवी आणि छत्री आमच्याजवळ ठेवायचा आणि स्वतः गायब. गेटकडच्या टोकाला जाऊन उभा राहायचा एकटाच. विचारलं तर म्हणे, पाय मोकळे करतो. दर शनिवारी कसले रे पाय अवघडतात? खरं सांगू का, मला लागलं होतं ते. इतक्या वर्षांची दोस्ती. काय चुकलं आमचं?”

“कुठल्या वर्षी हो?”

“माझ्या मुलीचं लग्न झालं ना, त्या वर्षी.”

“म्हणजे हिचं मौन सुरू झालं ते वर्ष,” हे म्हणाले. “आठवतंय ना? लग्न शनिवारचं. ही सगळीकडे नुसती हसत होती. तुझ्या व्याह्यांना वाटलं, हिला ऐकू येत नाही. माणूस जेवणाच्या टेबलावर हातवारे करून विचारत होता, पाणी हवं का.”

दोघं पोट धरून हसले. मीही हसले. पण इंजिन गेले, ताटं झाली, आवराआवर झाली, तरी काहीतरी खुपत राहिलं. एकाच वर्षी माझं बोलणं थांबलं आणि त्याच वर्षी भाऊजी माणसांतून उठून एकटे उभे राहायला लागले. बोलक्या माणसाला आठवड्यातून एक दिवस घर मुकं मिळालं, त्याचं मन उडालं असेल का? माझ्या नेमाने माणूस एकटा पडला असेल, तर ती जागा भरायची म्हणजे नेमकं काय भरायचं?

देवापुढे बसले. देव काही बोलला नाही; त्याचं तर बाराही महिने मौन. म्हटलं, आपल्यालाच चालत जाऊन बघायला हवं.

बुधवारी दुपारी गेले. शाळा सुटायला वेळ होता, मैदान मोकळं होतं. एका टोकाला मोठं लोखंडी गेट, दुसऱ्या टोकाला भिंत आणि त्या भिंतीत कँटीनची खिडकी. मधल्या अंगाला पायऱ्या. पायऱ्यांसमोर बाकासाठी खड्डे खणून ठेवले होते. गेटकडच्या गोलपोस्टमागे जाऊन मी उभी राहिले. इंजिन म्हणाले ती जागा ही. सावली नाही, बसायला दगड नाही, मागे रहदारीचा आवाज. इथे माणूस कशाला उभा राहील?

कँटीनच्या मावशी खिडकीतून केव्हाच्या बघत होत्या. मी जवळ गेल्यावर म्हणाल्या, “काय हरवलं का बाई?”

मी कोण ते सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“अगं बाई. वहिनी तुम्ही? मला वाटलं होतं, तुम्ही चांगल्या उंच असाल. ते सांगायचेच तसं.” मग माझ्यासाठी चहा ओतला. “तिकडे गेटजवळ काय बघत होता?”

“भाऊजी तिथे उभे राहायचे म्हणे.”

“कोण म्हणालं? इंजिन? त्यांना समोर झालेला गोल दिसत नाही, माणूस काय दिसणार! इथे उभे राहायचे ते. या माझ्या खिडकीखाली, पाठ माझ्याकडे. त्यांच्या टकलावरचा तीळ मला ठाऊक आहे, बोला.”

“नेहमी इथेच?”

“नेहमी म्हणजे, मॅच जुंपली की मी भांडी घासायला मागे जाते. पण बघितलं तेव्हा इथेच.”

“कुणाशी बोलायचे?”

“तेच तर नवल!” मावशी खिडकीतून निम्म्या बाहेर आल्या. “मॅचच्या आधी चहाला आले की तोंडाला कुलूप नाही. माझ्या सुनेच्या आजारापासून हेडबाईंच्या बदलीपर्यंत सगळं. आणि इथे उभे राहिले की मूग गिळून गप्प. मी खिडकीतून हाक मारली तर नुसता हात वर करायचे. मला वाटायचं, याला झालंय तरी काय?”

माझा चहा कपातच राहिला. इथेही गप्प. आणि इंजिन म्हणतात गेट, मावशी म्हणतात खिडकी. मध्ये अख्खं मैदान. दोघांपैकी कुणाला खोटं बोलायचं काही कारण नाही. मी गेटकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. एका माणसाच्या दोन जागा कशा असतील? आणि असल्याच, तर मी एकटी कुठे कुठे उभी राहू?

तेवढ्यात खेळाच्या बाई आल्या. वयाने लहान, गळ्यात शिटी, मागून चुन्याचं चाक ढकलत. शनिवारसाठी रेषा मारायच्या होत्या. मावशींनीच ओरडून सांगितलं, “अहो बाई, या फाटककाकांच्या वहिनी. जागा शोधताहेत त्यांची.”

बाईंनी चाक थांबवलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

“काकू, दोघंही खरंच बोलताहेत. हाफटाइमला टीमा बाजू बदलतात ना? या टोकाची त्या टोकाला, त्या टोकाची या टोकाला. तसे काकाही बदलायचे. बाहेरून मैदानाला वळसा घालून सावकाश चालत जायचे. आणि सुरुवात कुठून, ते टॉसवर.”

“म्हणजे आपल्या गोलकीपरबरोबर जायचे?”

“आपल्या नाही. पाहुण्यांच्या. पाहुण्या टीमचा गोलकीपर जिथे, काका त्याच्या जाळीमागे. दर शनिवारी. मी नवीन होते तेव्हा मलाही विचित्र वाटलं. काका आपल्या शाळेचे इतके कट्टर, आणि उभे राहतात त्यांच्यामागे! विचारलं मी सरळ. म्हणाले, ‘अगं, आपली पोरं गोल मारायला धावत येतात ना, तेव्हा तिथून तोंडावर दिसतात. पायऱ्यांवरून काय दिसतं? नुसत्या पाठी.’ मला पटलं ते.”

मलाही पटलं. पण पुरतं नाही. भाऊजींचं असं होतं: सांगायचे ते खरंच, पण निम्मं. उरलेलं निम्मं चहाबरोबर पिऊन टाकायचे. आपली मुलं तोंडावर दिसावीत, हे कारण त्यांच्यासारख्याला शोभणारंच होतं. पण मग गप्प का? आपल्या मुलांना समोरून येताना बघून तर त्यांनी गेटपलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जाईल असं ओरडायला हवं होतं. आणि त्याच वर्षापासून का?

मी हे बोलून दाखवलं. खेळाच्या बाई जरा वेळ शिटीच्या दोरीला पीळ देत राहिल्या. मग म्हणाल्या, “थांबा. ज्याच्यामागे ते उभे राहिलेत त्यालाच विचारू. आहे आज इथे एक.”

त्यांनी मला हॉलमध्ये नेलं. शिडीवर एक वायरमन चढला होता. शनिवारसाठी मैदानात लावायचे कर्णे तपासत होता. दाढी राखलेला, चांगला बाप्या.

“हे पुलापलीकडच्या शाळेचे,” बाई म्हणाल्या. “गोलकीपर होते. आता आमच्या पैशाने आमचेच कान फोडतात.”

“तुमच्या शाळेनं माझे फोडले तेव्हा कुणी पैसे दिले नाहीत बाई,” तो वरूनच म्हणाला. मग मी कोण ते त्याला कळलं. तो खाली आला, पक्कड खिशात घातली, आणि शिडीच्या खालच्या पायरीवरचं सामान बाजूला करून मला बसायला जागा केली.

“मी पहिल्यांदा इथे खेळायला आलो ना काकू,” तो सांगू लागला, “तेव्हा तुमची अर्धी शाळा माझ्या जाळीमागे जमा. ‘चाळणी, चाळणी!’ करून घोष. मैदानावर माझी टीम होती, पण लांब, पुढे. गोलकीपरचं कसं असतं, टीमचा असतो पण बसतो वेगळ्या ताटाला. दोन गोल आधीच खाल्लेले. तेवढ्यात काका पायऱ्यांवरून उठून आले. येऊन जाळीमागे उभे राहिले. बस. कुणाला हाकललं नाही, रागावले नाहीत. पण मोठ्या माणसाच्या कानाशी ‘चाळणी’ म्हणून ओरडायला कुणाला होईना. हळूहळू सगळे पांगले.”

“आणि ते काय म्हणाले?”

“अवाक्षर नाही. बॉल बाहेर गेला की आणायचे, शर्टाला पुसायचे, माझ्या हातात द्यायचे. की परत उभे. मग पेनल्टी आली. मी वळलो, म्हटलं, काका, तुम्ही ओळखता याला. कुठल्या बाजूला मारेल?”

“सांगितलं?” खेळाच्या बाईंनी माझ्याआधीच विचारलं.

“छे! चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपल्या शाळेशी बेइमानी? शक्यच नाही. मी डावीकडे उडी मारली, बॉल उजवीकडून आत. त्यांनीच जाळीतून काढून दिला. आणि चेहऱ्यावर काय आनंद, काकू! आपल्या शाळेचा गोल झाला ना! मला इतका राग आला. मॅच संपल्यावर गाठलंच त्यांना. म्हटलं, काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे? आमच्या बाजूचे असाल तर एक शब्द बोलायचा होता. तुमच्या बाजूचे असाल तर माझ्यामागे कशाला आलात?”

मी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, ते आत्ता लिहिताना आठवतंय.

“म्हणाले, ‘मी माझ्याच शाळेचा. पण तू आमच्याकडे आलायस, पाहुण्याला असं भिंतीशी एकटं सोडतात का?’ मी म्हटलं, मग निदान धीर तरी द्यायचा. तर म्हणाले, ‘ते मला जमत नाही रे, मी बोलायला लागलो की थांबत नाही. आमच्या घरी एक जण आहे. यंदापासून शनिवारी बोलत नाही. मी सकाळी तिच्याजवळ नुसता बसतो. ती भाजी चिरते. एक शब्द नाही, पण उठताना वाटतं, कुणीतरी आपल्याकडचं ऐकून घेतलं. म्हटलं, आपणही बघावं करून.’”

हॉलमध्ये कर्ण्यातून बारीक खरखर येत होती.

“मग मी खेळलो तोवर दर वेळी आले,” वायरमन म्हणाला. “माझ्यानंतरच्यांच्या मागेही उभे राहिले असतील. ते घरातले एक जण म्हणजे…”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. बुधवार होता, बोलायला मोकळीक होती. मी म्हटलं, “ती वायर नीट बांधा हो. शनिवारी कुणाच्या तरी पायात येईल.”

बांधली त्याने. लगेच.

घरी आल्यावर यांना सांगितलं. भिंग डोळ्यावरून काढून ठेवून यांनी सगळं ऐकलं, आणि असं क्वचितच होतं.

“मागे वळून बघायचा,” शेवटी म्हणाले. “इंजिन सांगतो ना, पहिल्या मॅचला सारखा मागे वळून बघायचा. आम्ही सगळे जन्मभर हसलो त्यावर.” मग उगाचच समोरचं एक घड्याळ कानाला लावून बघितलं. ते बंद होतं.

शनिवारी मैदान भरलं होतं. बाक खरोखर छान झाला होता, पाटी लखलखत होती. इंजिननी फीत कापली, कापताना कात्री अडली, तेव्हा आपल्या दुकानातली नाही म्हणून जाहीर केलं. मग यांच्या हातात माईक दिला. यांनी तो घड्याळासारखा आधी उलटा करून बघितला.

“माझा भाऊ,” हे म्हणाले, “इथे दर शनिवारी वेळेवर यायचा. घड्याळवाला मी आहे, पण वेळ त्याला कळायची. एवढंच.” आणि माईक परत दिला. टाळ्या वाजल्या. इंजिननी रुमाल काढला आणि नाक पुसलं.

मला बाकावर बसवलं. मी बसले. समोर मधोमध मैदान, दोन्ही बाजूंना मंडळातली माणसं, अगदी मानाची जागा. मॅच मुलींची होती. टॉस झाला. पाहुण्या टीमची गोलकीपर कँटीनकडच्या टोकाला निघाली. किडकिडीत मुलगी, हातमोजे तिच्या हातांपेक्षा दीड पटीने मोठे. गोलमध्ये उभी राहिली, दोन्ही खांबांना हात लावून आली, उड्या मारल्या. शिटी वाजायच्या आधीच भिंतीच्या बाजूला आपल्या शाळेची मुलं जमायला लागली होती. काय ओरडत होती ते इतक्या लांबून कळत नव्हतं, पण चाल ओळखू येत होती.

त्या मुलीने मागे वळून बघितलं.

मी उठले.

“वहिनी, कुठे?” इंजिन अर्धवट उठत म्हणाले. “काही हवंय का? ऊन लागतंय का? अहो, हा बाक तुमच्यासाठीच…”

मी आणलेली पिशवी बाकावर ठेवली. तिच्याशेजारी भाऊजींची छत्री ठेवली. इंजिननी त्या दोन वस्तूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा छत्रीकडे. हळूच खाली बसले आणि छत्री घसरू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला.

“जाऊ दे तिला,” हे त्यांना म्हणाले. “शनिवार आहे.”

मी यांच्याकडे बघून मान हलवली, आणि चुन्याच्या रेषेच्या बाहेरून, मैदानाला वळसा घालत, खिडकीच्या टोकाकडे चालू लागले.